तांबे कमी, मॉलिब्डेनम जास्त: अशा डोंगरावर पहिले ड्रिल कुठे घ्यावे?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचे समजलो असेन तर लगेच लक्षात येईल. दक्षिण पेरूमध्ये, अँडीजच्या पश्चिम उतारावर, सुमारे ३,९०० मीटर उंचीच्या एका डोंगरावर तुम्ही पहिल्याच हंगामात काम करीत आहात. माथ्यावरच्या तांबूस, सच्छिद्र खडकाच्या नमुन्यांत तांबे जेमतेम १५० ते ३०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) निघाले आहे, मॉलिब्डेनम मात्र ६० ते १२० पीपीएम. पायथ्याशी ओढ्याच्या काठाने मॅलाकाइट आणि क्रिसोकोला या तांब्याच्या खनिजांचा हिरवा पट्टा आहे आणि तिथे तांबे ०.८ टक्क्यापर्यंत गेले आहे. वरिष्ठांना पहिले ड्रिल त्या हिरव्या पट्ट्यावर हवे आहे. तुम्हाला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही.

मला वाटते, तुमची शंका रास्त आहे. पण ड्रिल कुठे घ्यायचे हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू, कारण त्याआधी एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर हवे. माथ्यावर तांबे कमी आहे ते मुळातच कमी होते म्हणून, की होते ते निघून गेले म्हणून? आकडे तेच राहून अर्थ पूर्ण उलटा होऊ शकतो. माझ्या अनुभवात अशा आकड्यांमागे तीन शक्यता असतात. पहिली, वरचे तांबे पावसाच्या पाण्याने धुऊन खाली नेले आणि आपण धुतलेल्या टोपीवर उभे आहोत. दुसरी, डोंगर इतका झिजला आहे की निक्षेपाचा, म्हणजे धातूच्या साठ्याचा, तांबे असलेला भाग केव्हाच वाहून गेला आणि आपण त्याच्या खोल, मॉलिब्डेनमयुक्त गाभ्यावर उभे आहोत. तिसरी, हा निक्षेप मुळात मॉलिब्डेनमचाच आहे आणि त्यात तांबे कधी फारसे नव्हतेच.

पहिली शक्यता समजण्यासाठी थोडे रसायन पाहावे लागेल. पोर्फिरी निक्षेपात, म्हणजे घुसलेल्या मॅग्माभोवती बारीक शिरांत विखुरलेल्या मोठ्या साठ्यात, तांबे आणि मॉलिब्डेनम हे दोन्ही धातू एकाच मॅग्माच्या उष्ण पाण्यातून येतात, पण हवा-पाण्याशी गाठ पडली की त्यांचे स्वभाव वेगळे होतात. खडकात पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) भरपूर असेल तर ऑक्सिजनयुक्त पाण्यात तो कुजतो आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होते. त्या आम्लात चाल्कोपायराइट या तांबे-लोह-गंधकाच्या खनिजातले तांबे विरघळते आणि पाण्याबरोबर खाली उतरते. भूजलपातळीखाली ऑक्सिजन संपतो. तिथे हे तांबे उरलेल्या पायराइट-चाल्कोपायराइटच्या कणांवर चाल्कोसाइट, म्हणजे तांबे आणि गंधकाचे काळे खनिज, होऊन बसते. चाल्कोपायराइटमध्ये तांबे सुमारे ३५ टक्के, तर चाल्कोसाइटमध्ये सुमारे ८० टक्के असते, त्यामुळे हा खालचा थर मूळ खडकापेक्षा कितीतरी श्रीमंत होऊ शकतो. मॉलिब्डेनम मात्र आम्लात फार लांब जात नाही. मॉलिब्डेनाइट हे त्याचे मूळ खनिज तुलनेने हळू कुजते, आणि त्यातून सुटलेले मॉलिब्डेनम आम्लयुक्त परिस्थितीत लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून तिथेच राहते. घरातले सगळे निघून गेले आणि आजोबा तेवढे मागे राहिले, तसा हा प्रकार असतो. म्हणून माथ्यावरचे मॉलिब्डेनम हे तिथे एकेकाळी काय होते याची साक्ष ठरते, आणि तांब्याचा कमी आकडा त्या साक्षीला बाध आणत नाही.

हे सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे इथेच कबूल केले पाहिजे. खडकात पायराइट कमी असेल तर आम्लही कमी बनते आणि तांबे जागच्या जागी मॅलाकाइट होऊन बसते. आसपास चुनखडी किंवा कार्बोनेट भरपूर असेल तर आम्ल तयार होताच मारले जाते. अशा अल्कधर्मी पाण्यात चित्र उलटते, तांबे थांबते आणि मॉलिब्डेनम चालू लागते. तुम्ही यजमान खडक ज्वालामुखी अँडेसाइट आणि क्वार्ट्झ मॉन्झोनाइट असल्याचे लिहिले आहे, म्हणून मी आम्लाचे गणित धरून पुढे जातो. नकाशावर कुठे चुनखडी निघाली तर तेवढ्या भागापुरते माझे म्हणणे बाजूला ठेवा.

याचे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तुमच्या दक्षिणेला, चिलीत आहे. अटाकामा वाळवंटात सुमारे ३,१०० मीटर उंचीवर असलेली एस्कोंदिदा ही आज जगातली सर्वाधिक तांबे देणारी खाण आहे, आणि त्या स्पॅनिश शब्दाचा अर्थच ‘लपलेली’. १९८१ साली तिचा शोध लागला तेव्हा वर डोळ्यांत भरेल असे तांबे नव्हते. होती ती लोहाच्या ऑक्साइडांनी रंगलेली, जागोजागी शंभर-दोनशे मीटर जाडीची धुतलेली टोपी. भूशास्त्रज्ञ डेव्हिड लॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या टोपीचा रंग, तिच्यातल्या शिरा आणि खडकातले बदल वाचून खाली चाल्कोसाइटचा जाड थर असावा असा अंदाज बांधला आणि त्यावर ड्रिलिंगचा खर्च केला. १९९० च्या अखेरीस खाण सुरू झाली. नवशिक्या भूशास्त्रज्ञांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो, पण लगेच हेही सांगतो की प्रत्येक लाल डोंगराखाली एस्कोंदिदा नसते. बहुतेक लाल डोंगरांखाली नुसता पायराइट असतो.

मग ओळखायचे कसे? इथे हातोडा, भिंग आणि चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या फरशीचा एक तुकडा यांनी जे काम होते ते महागड्या यंत्रांनी होत नाही. टोपीतल्या लोहखनिजांना आपण सरसकट लिमोनाइट म्हणतो, पण त्यात निदान तीन प्रकार वेगळे करता आले पाहिजेत. जॅरोसाइट बेसनासारखे फिके पिवळे असते आणि त्याचा कस, म्हणजे फरशीवर घासल्यावर उमटणारी रेघ, हाही फिका पिवळाच येतो. ते जिथे जास्त, तिथे पूर्वी पायराइट जास्त आणि तांबे कमी होते असे समजावे. गोथाइट गुळासारखे तपकिरी, आणि कस पिवळसर तपकिरी. तिसरे हेमटाइट. चाल्कोसाइट कुजून जे हेमटाइट बनते त्याचा रंग पिकलेल्या कोकमासारखा गर्द असतो आणि फरशीवर घासले की गेरूसारखी तांबडी रेघ उमटते. ज्या भागात कोकमी हेमटाइट आणि मॉलिब्डेनम एकत्र सापडतात, तिथे चाल्कोसाइटचा थर एकदा बनून नंतर पाण्याची पातळी खाली गेल्यामुळे पुन्हा कुजला, आणि त्यातले तांबे आणखी खाली सरकले, असा अर्थ निघतो. तो भाग मला हवा असतो. तुमच्या वर्णनात फक्त ‘तांबूस’ असे आहे. हा शब्द पुरेसा नाही. सगळे नमुने पुन्हा एका टेबलावर मांडा, प्रत्येकाचा कस घ्या आणि तिन्ही खनिजांचे अंदाजे प्रमाण नकाशावर रंगांनी भरा. नमुन्यांत उताराच्या घसरणीतले सुटे दगड आणि जागेवरचा खडक वेगवेगळे नोंदले आहेत का, तेही तपासा. घसरणीतला दगड कुठून आला हे सांगता येत नाही, आणि तुमच्या नकाशावर तो चुकीची खूण ठेवतो.

यात माझी स्वतःची एक चूक सांगतो. मॉलिब्डेनाइट कुजून कधीकधी लिंबासारखे उजळ पिवळे, धाग्यांचे छोटे झुबके असलेले फेरिमॉलिब्डाइट बनते. ते दिसले की मन उड्या मारते. सुरुवातीच्या काळात एका आख्ख्या कड्यावर मी वहीत ‘फेरिमॉलिब्डाइट विपुल’ असे लिहिले होते. प्रयोगशाळेचे निकाल आले तेव्हा मॉलिब्डेनम ४ पीपीएम निघाले. तो सगळा जॅरोसाइट होता. तेव्हापासून पिवळ्या रंगावर मी एकट्याने विश्वास ठेवत नाही. मॉलिब्डेनाइट मात्र सहज ओळखता येते. ते निळसर राखाडी, नखाने ओरखडा येईल इतके मऊ आणि बोटाला तुपकट लागणारे असते, आणि चकचकीत चिनी मातीवर घासले तर त्याची रेघ हिरवटाकडे झुकते. ग्रॅफाइटची रेघ काळी येते.

आता दुसरी शक्यता, म्हणजे झिजून उघडा पडलेला गाभा. इथे शिरा बोलतात. चिलीतल्याच एल साल्वादोर खाणीच्या अभ्यासातून १९७५ साली पुढे आलेले शिरांचे वर्गीकरण आम्ही अजूनही रोज वापरतो. ‘ए’ शिरा लवकरच्या, नागमोडी, तुटक, क्वार्ट्झ आणि पोटॅश फेल्डस्पारच्या. ‘बी’ शिरा सरळ, सलग, मधोमध किंवा कडेला मॉलिब्डेनाइट असलेल्या. ‘डी’ शिरा उशिराच्या, पायराइटच्या, दोन्ही बाजूंना सेरिसाइटची (बारीक पांढऱ्या अभ्रकाची) पांढुरकी किनार असलेल्या. माथ्यावर ‘बी’ शिरा दिसतात, त्यांना कापत ‘डी’ शिरांचे जाळे जाते, आणि मधला खडक सेरिसाइटने रेशमी पांढरा झालेला आहे, असे असेल तर पायराइट भरपूर होता, आम्ल भरपूर बनले आणि धुण्याची प्रक्रिया व्हायला वाव होता. उलट खडकात गुलाबी फेल्डस्पार आणि ताजा, चमकदार, बारीक बायोटाइट (काळा अभ्रक) शाबूत असेल, ‘डी’ शिरा तुरळक असतील आणि लिमोनाइटही फारसे नसेल, तर धुतले जाण्यासारखे तिथे काही नव्हतेच. मग तांबे कमी आहे ते गाभ्यातच कमी आहे, आणि खाली गेल्याने ते वाढेल असे मानायला आधार नाही. अशा गाभ्यात तांबे बाजूच्या कवचात असू शकते, तेव्हा नजर खाली न वळवता आडवी वळवावी लागते.

खडकातल्या या बदलांचा नकाशा किती कामाचा असतो याचे उदाहरण ॲरिझोनातल्या सॅन मॅन्युएलचे. तिथे बदलांची वर्तुळे एका बाजूला पूर्ण होत नव्हती, फॉल्टशी, म्हणजे खडक सरकलेल्या मोठ्या भेगेशी, ती कापल्यासारखी थांबत होती. लॉवेल यांनी त्यावरून उरलेला अर्धा भाग फॉल्टने सरकवून नेला असावा असे ताडले आणि १९६५ साली ड्रिल करून कालामाझू हा दुसरा तुकडा शोधला. लॉवेल आणि गिल्बर्ट यांनी १९७० मध्ये मांडलेले पोर्फिरीचे सुप्रसिद्ध प्रारूप, म्हणजे मध्ये पोटॅशयुक्त गाभा, त्याभोवती सेरिसाइट आणि बाहेर क्लोराइट-एपिडोटची हिरवट कड, याच निक्षेपाच्या अभ्यासातून आकाराला आले.

तिसऱ्या शक्यतेवर फार वेळ घालवत नाही. कोलोरॅडोच्या क्लायमॅक्ससारखे निव्वळ मॉलिब्डेनमचे निक्षेप सिलिकाने समृद्ध ग्रॅनाइटशी बांधलेले असतात आणि त्यांच्यात फ्लोराइटचा वावर असतो. तुमचा खडक त्या जातीचा वाटत नाही. खात्री करायची असेल तर शिरेतले मॉलिब्डेनाइट वेगळे काढून त्यातले ऱ्हेनियम मोजून घ्या: तांब्याच्या पोर्फिरीत ते बहुधा शेकडो पीपीएम असते, क्लायमॅक्स प्रकारात त्याहून फार कमी.

पेरूच्या त्या भागात पहिली शक्यता बळकट का वाटते, याचे कारण भूगोलात आहे. तोकेपाला, केयावेको आणि क्वाहोने हे तांबे-मॉलिब्डेनमचे तीन मोठे निक्षेप तिथे जवळजवळ एका रांगेत आहेत. अँडीज हळूहळू उचलला जात होता आणि हवामान कोरडे होत होते. पर्वत उचलला की भूजलपातळी खाली जाते, तिच्यामागोमाग कुजण्याची सीमा खाली जाते आणि तांबे पुन्हा पुन्हा धुऊन खालच्या थरात साठते. झीज फार वेगाने झाली असती तर बनलेला थर लगेच वाहून गेला असता. पाऊस फारच कमी झाला तर प्रक्रियाच थांबते. अटाकामात सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी हवामान अतिकोरडे झाले आणि बनलेले थर जणू बरणीत बंद झाले, असे मानले जाते. म्हणून हाच विचार कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया किंवा हिमालयासारख्या, हिमनद्यांनी अलीकडे खरवडलेल्या पर्वतांत जसाच्या तसा लावू नये. तिथे बर्फाने टोपी आणि तिच्याखालचा श्रीमंत थर दोन्ही काढून नेलेले असू शकतात आणि पृष्ठभागावर ताजा चाल्कोपायराइट दिसतो. तुमच्या डोंगरावरही ३,९०० मीटरला जुन्या हिमनदीच्या खुणा आहेत का, हे पाहून घ्या. यू आकाराची दरी किंवा माथ्याखाली वाडग्यासारखा कडा दिसला तर टोपी तिथे पातळ असणार.

डोंगरात काम करण्याचा एक फायदा असा की खोल घळ म्हणजे निसर्गाने फुकट पाडलेले ड्रिलहोल असते. तुमचे नमुने नकाशावर वरून न पाहता उंचीप्रमाणे छेदावर मांडा. माथ्यापासून घळीच्या तळापर्यंत उतरताना मॉलिब्डेनम साधारण तेवढेच राहून तांबे वाढत गेले, तर धुतलेल्या टोपीला पाठबळ मिळते. दोन्ही सारखेच राहिले, तर गाभ्याचा संशय घ्या.

आता तो हिरवा पट्टा. चिलीतल्या चुकीकामाता या तांब्याच्या मोठ्या खाणीच्या दक्षिणेला लागूनच मिना सूर नावाचा निक्षेप आहे. तिथले तांबे मूळ जागी बनलेले नाही. वरच्या निक्षेपातून धुतलेले आम्लयुक्त पाणी उताराने वाहत गेले आणि जुन्या ओढ्याच्या गोट्यांत, वाळूत तांबे सोडत गेले, क्रिसोकोला वगैरे रूपांत. तुमचा पट्टा ओढ्याच्या काठाने आहे, पायथ्याशी आहे आणि त्यात क्रिसोकोला आहे. त्यामुळे माझा पहिला संशय हाच की ते तांबे माथ्यावरून पाझरत आले असावे. तपासायला सोपे आहे. हिरवा रंग गोट्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि भेगांच्या पृष्ठभागावरच आहे का? खडक फोडल्यावर आत शिरा आणि सेरिसाइट आहेत का? तिथे मॉलिब्डेनम किती? ते ५ पीपीएमच्या खाली असेल तर तांबे पाहुणे आहे. वरिष्ठांपुढे हा एक आकडा ठेवा, बाकी वाद घालावा लागणार नाही. अर्थात पाहुणे तांबेही कधीकधी खाणीइतके मोठे असते, तेव्हा पट्टा कायमचा सोडून द्या असे मी म्हणत नाही. पहिले ड्रिल मात्र तिथे नको.

भूभौतिकीबद्दल एवढेच, की आयपी सर्वेक्षण, म्हणजे जमिनीत वीज सोडून खडक भार किती धरून ठेवतो ते मोजणे, सल्फाइडला (गंधकयुक्त धातुखनिजांना) प्रतिसाद देते आणि सल्फाइडमध्ये पायराइट सर्वांत जास्त असतो, त्यामुळे सर्वांत मोठा आकडा बहुधा निक्षेपाभोवतीच्या पायराइटच्या कड्यात येतो. तुम्ही लिहिलेला चुंबकीय खोलगटपणा सेरिसाइटने मॅग्नेटाइट नष्ट केल्यामुळे असू शकतो आणि तो पहिल्या शक्यतेशी जुळतो, पण एकट्याने काही सिद्ध करत नाही.

इथे जरा विषयांतर करतो. माझे पहिले तांबे मध्य प्रदेशातल्या मलांजखंडचे, नागपूरहून बालाघाटमार्गे गाठायचे. १९८२ मध्ये उघड्या खाणीतून तांबे द्यायला लागलेला हा निक्षेप, मॉलिब्डेनाइटच्या कालमापनानुसार, जवळजवळ २५० कोटी वर्षांचा आहे. तुमच्या शेजारच्या अँडीजमधले निक्षेप त्यापुढे कालची पोरे. मलांजखंडचे बरेचसे तांबे क्वार्ट्झच्या एका मोठ्या, वाकड्या पट्ट्यात आहे, आणि त्याला पोर्फिरी म्हणावे की नाही यावर भूशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे वाद घातला आहे. प्रारूप आधी आणि खडक नंतर असे करू नये हे मी तिथल्या कोअर बॉक्सवर, म्हणजे ड्रिलमधून निघालेल्या खडकाच्या दंडांच्या पेट्यांवर, शिकलो. तुमच्या डोंगरावरही शिरा ए-बी-डीच्या चौकटीत बसत नसतील तर त्या तशाच लिहून ठेवा.

ड्रिलकडे येऊ. कोकमी हेमटाइट, ६० च्या वरचे मॉलिब्डेनम आणि ‘बी’ शिरांना कापणाऱ्या ‘डी’ शिरा हे तीन ज्या जागी एकत्र येतात, ती माझी पहिली जागा असेल. शिरा बहुतेक उभ्या असल्याने होल साठ-सत्तर अंशांनी तिरके घ्या. खोली ठरवताना माझा एक अनुभव उपयोगी पडेल. एका प्रकल्पात १३० मीटरपर्यंत ०.०२ टक्केच तांबे येत होते, तेव्हा खर्च वाचवायला होल थांबवले गेले. वर्षभराने शेजारी दुसरे होल घेतले आणि १७० मीटरला काळा थर लागला. कोअर बॉक्स उघडला तर पायराइटच्या प्रत्येक कणावर काजळी धरली होती. बोट फिरवले की बोट काळे. तोच चाल्कोसाइट. म्हणून ताजा, न कुजलेला सल्फाइड सलग तीसेक मीटर दिसेपर्यंत होल थांबवू नका, मग वरचे निकाल कितीही निराश करणारे असोत. करारात ही अट आधीच लिहून घ्या, कारण १५० मीटरला पैशाचा विषय निघतोच.

ही काजळी ड्रिलच्या पाण्याबरोबर सहज वाहून जाते. त्या पट्ट्यात कोअर मिळण्याचे प्रमाण घसरले तर निकाल प्रत्यक्षापेक्षा कमी येतो, म्हणून तिथे घाई न करता वेग कमी ठेवायला ड्रिलरला सांगा आणि मोठ्या व्यासाचा कोअर घ्या. प्रयोगशाळेकडून एकूण तांब्याबरोबर आम्लात विरघळणारे, सायनाइडमध्ये विरघळणारे आणि उरलेले असे तीन टप्प्यांचे आकडे मागवा. दुसरा आकडा एकाएकी वर गेला की चाल्कोसाइटचा माथा कोणत्या मीटरला लागला ते कळेल, आणि दुसरे होल किती खोल न्यायचे तेही.